भक्ती बर्वे एका स्वगतात मावत नाहीत : एकपात्री स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या एकपात्री आणि स्वगत स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की स्नेहसंमेलनांच्या मागोमाग तुमच्या स्पर्धा सुरू होतात. तालुक्याच्या गावातला शाळेचा हॉल असो की शहरातलं मोठं नाट्यगृह, दिवसभरात ‘ती फुलराणी’ नाटकातल्या मंजुळेचं स्वगत हमखास ऐकू येतं. पदर कमरेला खोचलेली, केसांत गजरा माळलेली मुलगी मंचाच्या मधोमध येते, मुठी आवळते आणि ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ म्हणून जीव खाऊन ओरडते. टाळ्या पडतात. ती विंगेत जाते न जाते तोच निवेदक पुढचं नाव पुकारतो आणि दुसऱ्या शाळेची मंजुळा येते. तेच हातवारे, तेच हेल, तोच आवाज, थोडा आणखी वर.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. अशा स्पर्धांना मुलींना घेऊन येते, प्रेक्षकांत बसते, निकाल ऐकते आणि परतीच्या एसटीत मुलींशी त्यावर बोलत बसते. हे पत्र कुठल्या एका निकालाविरुद्ध नाही. मला बोलायचं आहे ते ज्या बाईंनी हे स्वगत पहिल्यांदा उभं केलं त्या भक्ती बर्वे यांच्याबद्दल. त्यांचं कौतुक आपण सगळे करतो, पण ते या एका उताऱ्यापाशी येऊन थांबतं. त्यात त्यांच्यावर अन्याय होतोच, शिवाय आजच्या मुलींच्या हातून अभिनयाचा एक मोठा धडा निसटतो.

आधी त्या भूमिकेबद्दलच बोलते, कारण ती तरी आपण नीट पाहिली आहे का, अशी मला शंका आहे.

‘ती फुलराणी’ रंगमंचावर आलं ते १९७५ च्या जानेवारीत. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ते लिहिलं आणि दिग्दर्शितही केलं, इंडियन नॅशनल थिएटरनं ते उभं केलं. प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले होते सतीश दुभाषी आणि मंजुळा साळुंखे झाल्या होत्या भक्ती बर्वे. तेव्हा त्यांचं वय सव्वीस. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये बालनाट्यांतून त्या घडल्या होत्या, आकाशवाणीवर निवेदन करत होत्या आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या. हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईंचा आवाज घराघरांत प्रमाण मराठीचा नमुना म्हणून ऐकला जात होता, त्याच संध्याकाळी रंगमंचावर फूलवाली होऊन त्या मराठीच्या चिंधड्या उडवत होत्या. पुढे त्याच नाटकात ती मराठी पायरी पायरीनं पुन्हा कमावून दाखवत होत्या.

पायरी पायरीनं, हे शब्द कृपया लक्षात ठेवा. मंजुळेची बोली आणि मंजुळेची प्रमाण भाषा अशा दोनच टोकांवर ही भूमिका उभी नाही. शॉच्या सांगाड्यातच मधले जिने आहेत. सुरुवातीला ती आपल्या भाषेत पाण्यातल्या मासोळीसारखी असते. मग शिकवणी सुरू होते आणि एकेक अक्षर तिच्या जिभेवर दगडासारखं बसतं. पुढे उच्चार साधतात, पण बोलायचे विषय जुन्या वस्तीतलेच राहतात, आणि शुद्ध उच्चारांत भलतंच काही ऐकून समोरचे गडबडतात. शेवटी उच्चार, विषय, अदब सगळंच येतं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या ध्यानात येतं की आता आपण परत फुलं विकायलाही जाऊ शकत नाही. या प्रत्येक जिन्यावर आवाजाची फेक वेगळी, श्वास वेगळा, मान धरण्याची पद्धत वेगळी. त्यातला एखादा टप्पा नटीनं घाईनं ओलांडला तर नाटक नुसतं गंमतीचं उरतं. भक्ती बर्वे तो ओलांडत नसत. मधल्या टप्प्यात मंजुळा एखादा शब्द अचूक उच्चारते आणि क्षणभर स्वतःच दचकते, ते दचकणं त्या दाखवत. हशा यायचा, पण त्या हशाच्या पोटात भीती होती. आपली भाषा सुटत चालली आहे, याची.

आता ते स्वगत. ते येतं शिकवणी चालू असताना. मास्तर छळतो, हिणवतो, माणूस म्हणून मोजत नाही, आणि तो समोर नसताना ती त्याच्यावर सूड उगवण्याची स्वप्नं रंगवते. म्हणजे हा राग ज्याच्यावर आहे त्याच्यासमोर बोलायची सोय नसलेल्या मुलीचा राग आहे. तुमच्या स्पर्धांत ते जसं सादर होतं तसं पहिल्या वाक्यापासून टिपेला जाऊन चालत नाही. भक्ती बर्वे त्यात वेग घ्यायच्या, आणि मग तो वेग स्वतःच तोडायच्या. सूडाचं चित्र रंगवता रंगवता ती मुलगी त्यात रमते, खूश होते, स्वतःला मोठी झालेली पाहते, आणि मग एका वळणावर मास्तर पुन्हा आठवतो. राग, लाडिकपणा, अपमान, स्वप्न, आणि मला तर नेहमी वाटत आलं आहे की त्या मास्तराची तिला लागलेली ओढसुद्धा. हे सगळं इतक्या थोड्या वेळात एकाआड एक येतं. आणि प्रेक्षक मात्र सारखे हसत असतात. प्रेक्षक हसत असताना आतला अपमान जिवंत ठेवणं, हे या उताऱ्यातलं सर्वांत अवघड काम आहे. मोठ्यानं ओरडणं त्यामानानं सोपं.

मग परीक्षक म्हणून तुम्ही गुण कशाला देता? तुमच्या गुणपत्रकांत ‘आवाज’, ‘पाठांतर’, ‘सादरीकरण’, ‘वेशभूषा’ असे रकाने असतात. ‘आवाज’ या रकान्यात मोठा आवाज जिंकतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं हेच स्वगत मुद्दाम खालच्या पट्टीत सुरू केलं होतं, मधे दोनदा गप्प राहिली होती. त्या गप्प राहण्यात सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. निकालानंतर तिला सांगितलं गेलं की ‘तडफ कमी पडली आणि मधे विसरलीस.’ ती विसरली नव्हती. त्या मुलीला त्या दिवशी काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, म्हणून आज तुम्हाला लिहिते आहे.

बोलीबद्दलही मला कळकळीनं सांगायचं आहे. मंजुळा करताना बहुतेक मुली ‘गावंढळ’ दिसायचं ठरवून येतात. ‘ण’चा ‘न’ करतात, तोंड वेडंवाकडं करतात, नाक पुसतात, कमरेवर हात ठेवून हेंगाडं चालतात. प्रेक्षक हसतात ते त्या बोलीला. आणि ज्या मुलीच्या घरी खरोखर ‘पानी’ म्हणतात, ‘न्हाई’ म्हणतात, ती मुलगी त्याच सभागृहात बसून ते हसणं ऐकत असते. त्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेत तिच्या ‘न’बद्दल तिचे गुण कापलेले असतात. ज्या नाटकात एका मुलीची भाषा हिणवली जाते, त्या हिणवण्यानं ती आतून कशी मोडते आणि पुन्हा कशी उभी राहते हे सांगितलं आहे, त्याच नाटकाचा उतारा घेऊन आपण एका मुलीची भाषा हिणवतो आहोत. भक्ती बर्वेंनी मंजुळेची भाषा थट्टेची केली नाही. ती भरभर बोलली, भांडली, रडली, पण आपल्या भाषेची तिला लाज वाटत नव्हती. लाज तिला नंतर शिकवली गेली. अभिनयात हा फरक दाखवता येतो आणि त्यांनी तो दाखवला, म्हणून ती भूमिका मोठी. नुसती लोकप्रिय म्हणून नव्हे.

आता फुलराणीच्या पलीकडे जाऊ या, कारण माझा खरा आग्रह तिथेच आहे.

भक्ती बर्वेंच्या नाटकांची नावं एका ओळीत ठेवून पाहा. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकाचं मराठी रूप. ‘नागमंडल’ हे गिरीश कार्नाडांचं लोककथेवर उभं राहिलेलं नाटक. ‘आई रिटायर होतेय’ हे अशोक पाटोळे यांचं घरगुती, व्यावसायिक नाटक. ‘रातराणी’, ‘हँड्स अप’. ‘गांधी विरुद्ध गांधी’ या अजित दळवी यांच्या नाटकात कस्तुरबा. ब्रेख्तच्या पद्धतीत नटानं भूमिकेत विरघळून चालत नाही, प्रेक्षकाला विचार करायला थोडं अंतर ठेवावं लागतं. लोककथेच्या नाटकात उलट, अशक्य गोष्ट घडते आहे यावर आधी नटीचा विश्वास बसावा लागतो. चार भिंतींतल्या कौटुंबिक नाटकात यातलं काहीच चालत नाही, तिथं स्वयंपाकघरातून बाहेर येतानाचं हात पुसणं खरं वाटावं लागतं. एकाच नटीनं या तिन्ही रीती आपल्याशा केल्या. त्यातही एक रीत उच्च आणि दुसरी हलकी, असा भेद तिच्या कामात दिसला नाही.

‘आई रिटायर होतेय’बद्दल थोडं थांबते. गंभीर नाटकाचे चाहते या नाटकाचा उल्लेख करताना जरा संकोचतात, आणि हे मला कधी पटलं नाही. जन्मभर घरासाठी राबलेली बाई एक दिवस सांगते की नोकरदार माणसासारखी मीही आता निवृत्त होते. ही कल्पना सोपी आहे, संवाद टाळीबाज आहेत, हे खरं. पण त्या प्रयोगांना बायका येत होत्या, नवरा-मुलांना घेऊन येत होत्या. भक्ती बर्वेंनी त्या आईला तक्रारखोर केलं नाही, संतही केलं नाही. थकलेली केली. थकवा रंगमंचावर दाखवणं किती अवघड असतं ते नाटक केलेल्यांना ठाऊक आहे, कारण खरोखर थकलेला नट कंटाळवाणा दिसतो. त्यांच्या आईचा थकवा मात्र बघत राहावासा वाटे, आणि मधेच तिच्यातली मिस्कील बाई डोकं वर काढी. व्यावसायिक नाटकातल्या या कामाला समीक्षेत जितकी जागा मिळायला हवी होती तितकी मिळाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कस्तुरबा. गांधीजी आणि हरिलाल, बाप आणि मुलगा, यांच्या संघर्षाचं ते नाटक. चंद्रकांत कुलकर्णी यांचं दिग्दर्शन, गांधी अतुल कुलकर्णी. दोन पुरुष एकमेकांशी झगडतात आणि दोघंही तिचे. मंजुळेसारखं वाक्यांच्या आतषबाजीचं सामर्थ्य इथे कामाचं नव्हतं. इथे ऐकायचं होतं. नवऱ्याचं ऐकणं वेगळं, मुलाचं ऐकणं वेगळं, आणि दोघंही बरोबर आहेत हे कळत असताना ऐकणं आणखी वेगळं. दौऱ्यावरच्या प्रयोगात मी त्यांना पाहिलं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत मी त्यांच्यात फुलराणी शोधत होते. मग शोधणं कधी थांबलं ते कळलंच नाही. त्या बोलत नसत तेव्हाही प्रेक्षकांची नजर बोलणाऱ्यावरून हटून त्यांच्याकडे जाई. मराठी रंगभूमीवर मी पाहिलेल्या ऐकण्याच्या कामांत हे मला सर्वांत मोठं वाटतं.

एवढंच नव्हे. ज्यांनी नाटकं पाहिली नाहीत त्यांनी निदान १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ पाहिला असेल. त्यात ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादक शोभा सेन त्याच. वरून तत्त्वांची भाषा बोलणारी आणि आतून सौदा करणारी ही बाई. तिथे आवाज गुळगुळीत, चेहऱ्यावर हसू, आणि डोळे हिशेब करणारे. फुलराणीनंतर आठ वर्षांनी त्यांनी हिंदी पडद्यावर अशी थंड बाई उभी केली, आणि तीही विनोदी चित्रपटात.

त्यांच्या कामात उणं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर कौतुकाला वजन राहत नाही. लेखन पातळ असलेल्या काही नाटकांत त्या आपल्या बोलण्याच्या लयीवर प्रसंग ओढून नेत, आणि तेव्हा पात्रापेक्षा भक्ती बर्वे जास्त दिसत. प्रेक्षकांना ते आवडे. मला थोडं खटके. पण इतक्या वेगवेगळ्या रीतींच्या नाटकांत इतकी वर्षं काम केलेल्या नटीबाबत हे क्वचितच घडलं, हेही तितकंच खरं.

१९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईचा प्रयोग करून मुंबईला परतताना अपघातात त्या गेल्या. तो प्रयोग ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ या कार्यक्रमाचा होता. पु. ल. स्वतः आदल्या वर्षी १२ जूनला गेले होते. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत फुलराणी भक्ती बर्वेंसोबत होती, आणि त्यांनाही ती प्रिय होती. म्हणून मी ते स्वगत स्पर्धांतून काढून टाका असं मुळीच म्हणत नाही. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी या अभिनेत्रींनीही मंजुळा केली आणि ती भूमिका जिवंत ठेवली. पहिल्या मंजुळेची छाया इतकी गडद असताना ती भूमिका स्वीकारणं हे धाडसच होतं. आमच्या मुलींनाही ते धाडस करू द्या. फक्त नकलेला धाडस म्हणू नका.

तुमच्या हातात बरंच काही आहे, म्हणून काही गोष्टी मागते. गुणपत्रकातला ‘आवाज’ हा रकाना बदलून ‘आवाजाचा वापर’ करा आणि परीक्षकांना आधी सांगा की शांतता हीसुद्धा आवाजाच्या वापरातच मोडते. मुलीनं स्वगत सुरू करण्याआधी दोन वाक्यांत सांगावं की नाटकात याआधी काय घडलं आहे आणि आपण हे कोणाला उद्देशून बोलतो आहोत. संपूर्ण नाटक न वाचता उतारा पाठ करणाऱ्यांची अडचण तिथेच कळेल. मंजुळा निवडणाऱ्या मुलीला, विशेषतः अंतिम फेरीत, त्याच मंजुळेची शेवटच्या अंकातली काही वाक्यं बोलायला सांगा. दोन्ही टोकं एकाच देहात बसवता आली तर बक्षीस द्या, नाही आली तर तिला का नाही आली ते समजावून सांगा. बोलीची टिंगल करून मिळवलेल्या हशाला गुण देऊ नका, आणि हे नियमावलीत छापा, म्हणजे आम्हा शिक्षकांनाही मुलींना सांगताना आधार मिळेल.

उताऱ्यांच्या यादीतही भर घाला. कस्तुरबा आणा, ‘नागमंडल’ आणा, घरातल्या आईचा प्रसंग आणा. ज्यांच्याकडे जुन्या प्रयोगांच्या ध्वनिफिती, जाहिराती, परीक्षणांची कात्रणं असतील त्यांना स्पर्धेच्या निमित्तानं बोलवा. एखाद्या जुन्या प्रेक्षकाला मंचावर बसवून विचारा की त्या अमुक प्रसंगात नेमकं काय करायच्या. ‘छान करायच्या’ एवढ्यावर त्यांना सोडू नका. हात कुठे होता, श्वास कुठे घेतला, कोणाकडे पाहिलं, ते विचारा. रंगमंचावरचा अभिनय प्रयोग संपला की संपतो. तो पाहिलेल्या माणसांच्या सांगण्यात जेवढा उरतो तेवढाच पुढच्या पिढीला मिळतो, आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.

तुमच्यापैकी अनेकांनी भक्ती बर्वेंना प्रत्यक्ष पाहिलं आहे, काहींनी त्यांच्यासोबत कामही केलं असेल. यंदाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलींसाठी तासभर काढा आणि जे पाहिलं ते त्यांना सांगा. कुठल्याही जिल्ह्यात असो, आमच्या मुलींना घेऊन मी तिथे पोहोचेन.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतली मराठीची शिक्षिका